वेल्सचे डोंगर, धबधबे आणि किनारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ब्रिस्टलला राहतो. सेव्हर्न नदीवरचा पूल ओलांडला की वेल्स. त्यामुळे मे महिना उजाडला की पुण्या-नाशिकहून फोन सुरू होतात आणि लंडन बघून झालेली मंडळी विचारतात, "वेल्सला नेशील ना रे?" तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेल्सलाही चालतो. सीमेवर चौकी नाही, तपासणी नाही. पूल ओलांडताना टोल द्यावा लागायचा, तोही डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाला. आपण वेल्समध्ये शिरलो हे पाट्यांवरून कळतं. रस्त्यावर इंग्रजी 'स्लो'च्या जोडीला 'आराव' लिहिलेलं दिसलं की पोहोचलात.

दोन दिवस आहेत. स्नोडनचा डोंगरही चढायचाय आणि पेम्ब्रोकशरचा किनाराही बघायचाय. जमेल?

जमेल, पण बरंचसं गाडीच्या काचेतून. नकाशावर वेल्स चिमुकला दिसतो आणि तिथेच लोक फसतात. दक्षिणेतल्या कार्डिफहून उत्तरेतल्या लँडिड्नोला जाणारा ए-४७० हा रस्ता २९९ किलोमीटरचा. पुण्या-मुंबईचा द्रुतगती मार्ग डोळ्यांसमोर आणू नका. हा रस्ता डोंगरांना वळसे घालत, गावागावांतून, ट्रॅक्टरच्या मागे रांगत जातो. चार-साडेचार तास धरून चाला.

दोन दिवस असतील तर एकच कोपरा निवडा. उंच डोंगर आणि तळी हवी असतील तर उत्तरेला एररी, म्हणजे स्नोडोनिया. धबधबे आणि गवताळ डोंगर हवे असतील तर दक्षिणेला बानाय ब्रखेनिओग, म्हणजे जुन्या नावाने ब्रेकन बीकन्स. कडे, पुळणी आणि समुद्रपक्षी हवे असतील तर पश्चिमेला पेम्ब्रोकशर. ही तीन राष्ट्रीय उद्यानं अनुक्रमे १९५१, १९५७ आणि १९५२ सालची. लंडनहून फक्त शनिवार-रविवार येणार असाल तर बानाय ब्रखेनिओग आणि दक्षिण किनाऱ्यावरचं गावर द्वीपकल्प सोयीचं. एररीला किमान तीन रात्री द्या, कारण त्यातला एक दिवस ढग खाणार आहेत.

ही नावं म्हणायची कशी? आणि दोन-दोन नावं का?

नावं मूळची वेल्श, इंग्रजी नावं नंतरची. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्नोडोनियाच्या उद्यान प्राधिकरणाने स्नोडनऐवजी 'अर विद्वा' आणि स्नोडोनियाऐवजी 'एररी' हीच नावं वापरायचं ठरवलं. एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकन बीकन्सनेही तेच केलं. आपल्याकडे शहरांच्या नावांवरून जितका धुरळा उडतो, त्यामानाने इथे कमी उडाला.

उच्चारांत मराठी माणसाला एक फायदा आहे. वेल्शमध्ये दोन 'एल' जोडून येणारं एक अक्षर आहे. ते म्हणताना इंग्रजांची जीभ वळत नाही, पण आपल्या 'कोल्हा'तला 'ल्ह' त्याच्या बराच जवळ जातो. जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. म्हणून ल्हानबेरिस, ल्हिन (तळं), ल्हान (चर्चची जागा, गावांच्या नावांत हमखास). 'डब्ल्यू' बहुतेक वेळा 'ऊ'सारखा, म्हणून दरीला 'कूम'. एकेरी 'एफ' म्हणजे 'व', म्हणून नदीला 'आवोन'. चार शब्द ओळखता आले तर नकाशाच बोलायला लागतो: 'पेन' म्हणजे माथा, 'आबेर' म्हणजे नदीचं मुख, 'रायादर' म्हणजे धबधबा, 'कॉइड' म्हणजे रान.

मी कळसूबाई चारदा केलंय. १,०८५ मीटरचं अर विद्वा म्हणजे पोरखेळच ना?

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. कळसूबाई १,६४६ मीटर आहे हे खरं, आणि अर विद्वाचा माथा आपल्या महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षाही खालीच भरेल. पण महाबळेश्वरात वारा तुम्हाला ढकलत नाही. इथे पायथ्याच्या ल्हानबेरिस गावातून टी-शर्टवर निघालेला माणूस माथ्यावर दात वाजवत उभा असतो, तोही जुलैत. ढग खाली आला की वीस पावलांपलीकडचं दिसेनासं होतं.

वर जायच्या सहा मुख्य वाटा आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याने ल्हानबेरिसची वाट धरावी. ती सर्वांत लांब, जाऊन-येऊन सुमारे साडेचौदा किलोमीटर, पण चढ सौम्य. पाच ते सहा तास लागतात. देखणेपणात ती मागे पडते, हे कबूल. देखणी हवी तर पेन-अ-पासहून निघणारी माइनर्स ट्रॅक. ती तळ्यांच्या काठाकाठाने जाते आणि शेवटी एकदम उभी होते. ही वाट मुळात तांब्याच्या खाणीतल्या कामगारांसाठी होती. पेन-अ-पासचा वाहनतळ लहान आहे, हंगामात आधी आरक्षण केल्याशिवाय जागा मिळत नाही. खाली गाडी लावून 'शेर्पा' बसने वर यावं.

शेर्पा हे नाव इथे शोभतं. जवळच पेन-अ-गूरिड नावाचं जुनं हॉटेल आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेची मंडळी इथे सरावाला उतरली होती. त्यांच्या सह्या हॉटेलच्या छतावर अजून आहेत.

आता एक कडक सूचना. पेन-अ-पासहूनच निघणाऱ्या पिग ट्रॅकवर एका खिंडीत उजवीकडे क्रिब गोखची वाट फुटते. क्रिब गोख म्हणजे सुरीच्या पात्यासारखी कातळधार, दोन्ही बाजूंना दरी. ढाक बहिरी केलेल्या मंडळींना ती खुणावणार हे मला माहीत आहे. कोरडा दिवस, वारा नाही आणि सोबत ती धार आधी केलेला माणूस, या तिन्ही गोष्टी असतील तरच जा. पुढचा चाललाय म्हणून त्याच्यामागे जाऊ नका. तोही चुकलेला असू शकतो. आणि हिवाळ्यात बर्फ असताना बर्फाची कुऱ्हाड आणि बुटाचे काटे वापरता येत नसतील तर कुठलीच वाट नको. ल्हानबेरिसच्या सोप्या वाटेवरचाही एक उतार तेव्हा जीवघेणा होतो.

वर आगगाडी जाते म्हणे?

जाते. ल्हानबेरिसहून दातेरी रुळांवरून, १८९६ पासून. अंतर साडेसात किलोमीटरच्या आसपास. तिकीट महाग आहे आणि उन्हाळ्यात आधीच संपतं. वारा फार असेल तर गाडी अर्ध्यातूनच परत फिरवतात, आणि माथ्यावरची इमारतही कायम उघडी नसते. निघण्याआधी दोन्ही तपासा. चालत वर जाऊन गाडीने उतरू, असा बेत तर मुळीच नको. एकेरी तिकिटाची परतीची जागा मिळेलच असं नाही.

केव्हा यावं? पाऊस नसतो असा महिना कोणता?

असा महिना नसतो. क्रिब गोखवर वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आकडा पाहून महाबळेश्वरवाले हसतील, पण तिथला पाऊस चार महिन्यांत उरकतो. इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो, गार असतो आणि वाऱ्यामुळे आडवा येतो. छत्री घरीच ठेवा, ती उलटी होऊन शोभा करते. टोपीचं जलरोधक जॅकेट, तशीच वरून चढवायची पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत. जीन्स भिजली की दिवसभर ओलीच राहते.

तरीही निवडायचं असेल तर मे आणि जून. एप्रिलअखेरपासून रानात निळ्या ब्लूबेल फुलांचा सडा असतो, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड. ऑगस्टमध्ये डोंगरउतार हेदरची झुडपं फुलून जांभळे होतात. कासचं पठार पाहिलेल्यांना तो रंग ओळखीचा वाटेल, पण इथे ताटवा नाही, अख्खा डोंगरच. शाळांच्या सुट्ट्या आणि बँक हॉलिडे टाळा. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. जेवून निघू म्हणालात तर संपलंच.

पेन अ व्हान मुलांना झेपेल का?

आठ-दहा वर्षांच्या चालणाऱ्या मुलांना झेपतं. दक्षिण वेल्सचा हा सर्वांत उंच माथा, ८८६ मीटर. पोंट आर डाव्हच्या वाहनतळावरून दगडी फरसबंद वाट आहे, जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी वर फोटोसाठी रांग लागते, अगदी सिंहगडासारखी, फक्त वर पिठलं-भाकरी नाही. सकाळी आठच्या आत पोहोचा.

शेजारच्या कॉर्न डी माथ्याखाली एक दगडी स्तंभ आहे, तो मुलांना दाखवा. ऑगस्ट १९०० मध्ये पाच वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी वडिलांकडे परत निघाला आणि वाट चुकला. २९ दिवसांनी तो या उंच धारेवर मृत सापडला. एवढासा जीव इतक्या वर कसा चढला हे कोणालाच उमगलं नाही. आमची धाकटी तो स्तंभ पाहिल्यापासून डोंगरावर माझा हात सोडत नाही.

पाण्याच्या पडद्यामागून चालता येतं तो धबधबा कोणता?

स्गूद अर एइरा. नावाचा अर्थ हिमाचा धबधबा. इस्त्राद्व्हेल्हटे गावाच्या परिसरात मेल्हटे आणि हेप्स्ते या नद्यांवर चार धबधब्यांची फेरी आहे, तिचा हा कळस. वरचा कातळ कठीण आणि खालचा मऊ, त्यामुळे खालचा झिजत गेला आणि पाण्यामागे कपार तयार झाली. त्या कपारीतून पलीकडे जाता येतं. भिजाल, कान बधिर होतील, आणि परत एकदा जावंसं वाटेल.

चारही धबधबे नीट पाहायचे तर चार-पाच तास हवेत. शेवटच्या टप्प्यात भरपूर पायऱ्या उतरायच्या आणि अर्थातच चढायच्या. दगड शेवाळलेले असतात. पाऊस पडून गेल्यावर धबधबे खरे खुलतात, पण पूर आलेला असेल तर कपारीत जाऊ नका. कुंडात उडी तर नकोच. पाणी भर उन्हाळ्यातही इतकं गार की श्वास अडकतो.

चालायचं नसेल तर उत्तर पोव्हिसमधला पिस्तिल्ह रायादर गाठा. जवळपास ७३ मीटरवरून पडतो आणि वाहनतळावरून दोन मिनिटांत समोर उभा. वाटेत ल्हानरायादर हे गाव लागतं. तिथल्या धर्मगुरूने, विल्यम मॉर्गनने, बायबलचं वेल्शमध्ये भाषांतर केलं. ते १५८८ साली छापलं गेलं आणि भाषा टिकण्यात त्याचा मोठा वाटा मानतात.

समुद्रकिनाऱ्यावर काही धोका असतो का? पाणी तर शांत दिसतं.

भरती-ओहोटी. आमची खरी फजिती इथेच झाली आहे.

गावर द्वीपकल्पाच्या टोकाला रोसिली आहे. १९५६ मध्ये ब्रिटनमधला पहिला 'विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश' म्हणून गावरची निवड झाली. पुळण जवळपास पाच किलोमीटर, ओहोटीला वाळूतून १८८७ मध्ये फुटलेल्या 'हेल्व्हेशिया' जहाजाच्या बरगड्या वर आलेल्या. समोर वर्म्स हेड, अजगरासारखं समुद्रात शिरलेलं बेट. ओहोटीच्या आधी अडीच आणि नंतर अडीच तास खडकांवरून तिथे चालत जाता येतं. त्यानंतर वाट पाण्याखाली. आम्ही बेटावर डबा उघडून बसलो, सील बघत रमलो, आणि परतताना शेवटचे पन्नास मीटर गुडघाभर पाण्यातून, काकूंची साडी सावरत आलो. अजून दहा मिनिटं गेली असती तर पुढच्या ओहोटीपर्यंत तिथेच मुक्काम होता. पोहून येण्याचा विचार करू नका, प्रवाह ओढून नेतो.

कोकणातल्या माणसाला सांगायचं तर उधाण आणि भांगाचं गणित तेच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. फक्त पाण्याचा चढउतार कोकणापेक्षा फार मोठा. सेव्हर्नच्या मुखात तो १४ मीटरपर्यंत जातो, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिथीवरून वेळ काढण्याची कोळ्यांची रीत इथे लागू पडत नाही. त्या दिवसाचं, त्या जागेचं भरतीचं कोष्टक पाहा.

पेम्ब्रोकशरमध्ये एकच दिवस असेल तर?

बॉशरस्टनची कमळतळी, तिथून चालत ब्रॉड हेवनची पुळण, पुढे बाराफंडल. थेट पुळणीपाशी वाहनतळ नसल्याने बाराफंडलला चालतच जावं लागतं, म्हणून ती अजून स्वच्छ आहे. समुद्राने कोरलेली चुनखडीची प्रचंड कमान, 'ग्रीन ब्रिज', जवळच आहे. पण ती लष्कराच्या गोळीबार सरावाच्या हद्दीत येते. सराव असला की रस्ता बंद, वेळापत्रक आधी पाहा. उत्तरेकडे असाल तर अबेरएइदीचं निळं तळं. ते नैसर्गिक नाही, समुद्राचं पाणी आत आलेली जुनी पाटीच्या दगडाची खाण आहे. सगळी २९९ किलोमीटरची किनारवाट (१९७० सालची) एका दमात करणारे लोकही भेटतील. त्यांच्या बुटांकडे पाहा आणि नमस्कार करा.

भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का?

येते, आल्यापासून १२ महिने. वाहतूक डावीकडूनच. पण सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर आहे. इंग्लंडच्या सवयीने आलात तर दंडाचं पत्र घरी येतं. आडरस्ते एका गाडीपुरते असतात. समोरून कोणी आलं तर ज्याला बाजूची जागा जवळ त्याने मागे घ्यायची, आणि दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे. हॉर्न वाजवत नाहीत. रस्त्यात मेंढी बसली असेल तरीही नाही. वेल्समध्ये माणसं ३१ लाख आणि मेंढ्या त्याच्या अडीचपटींहून जास्त, तेव्हा हक्क कोणाचा ते उघड आहे.

गाडी नसेल तर?

लंडन पॅडिंग्टनहून कार्डिफ दोन तासांच्या आत-बाहेर. तिथून टी-४ बस पेन अ व्हानच्या पायथ्याशी स्टोरी आर्म्सला थांबते. उत्तरेला यूस्टनहून बँगर आणि पुढे बस. रविवारी बस कमी किंवा नाहीतच, हे ध्यानात ठेवा.

तंबू ठोकता येतो का? राजमाचीला टाकतो तसा?

नाही. जमिनीला मालक असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. कॅम्पसाइट भरपूर आहेत, तिथे राहा. चालण्याचे हक्क मात्र उदार आहेत. पिवळा बाण दिसला की शेतातूनही बेलाशक जा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. कॅडर इद्रिसच्या माथ्यावर रात्र काढणारा सकाळी एक तर कवी होतो नाही तर वेडा, अशी लोककथा आहे.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांना काय दाखवू?

डोलगेल्हाय ते बारमथ ही माऊधाखच्या खाडीकाठची वाट. जुन्या रेल्वेमार्गावरची, त्यामुळे चढ जवळजवळ नाही. पूर्ण १५ किलोमीटर चालायची गरज नाही, पेनमेनपूलहून हवं तेवढं चालून परत या. बारमथचा लाकडी रेल्वेपूल १८६७ चा. गावामागचा दिनास ओलाय हा डोंगरउतार १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला मिळालेली पहिलीवहिली जमीन.

दुसरं म्हणजे एलान खोरं. गाडी जवळजवळ प्रत्येक धरणापाशी जाते. व्हिक्टोरियन दगडी भिंतीवरून पाणी पांढरं होऊन उतरताना पाहणं हा सोहळाच. १९०४ मध्ये ही धरणं सुरू झाली आणि पाणी ११८ किलोमीटर दूर बर्मिंगहॅमला जातं, तेही पंपाशिवाय, नुसत्या उताराने. जवळच रायादर गावाबाहेर एका शेतावर रोज दुपारी लाल घारींना खाऊ घालतात. शेकडो घारी एकदम झेपावतात.

धरणांची दुसरी बाजू पाहायची असेल तर बाला गावाजवळच्या ल्हिन केलिनला थांबा. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव १९६५ मध्ये बुडवलं गेलं. वेल्सचे खासदार जवळपास सगळे विरोधात होते. लिव्हरपूलच्या परिषदेने माफी मागितली ती २००५ मध्ये. मुळशीचं ज्यांना आठवतं त्यांना त्या काठावर फार बोलावंसं वाटत नाही.

शाकाहारी जेवण मिळेल?

मिळेल, पण खेड्यातलं स्वयंपाकघर दुपारी दोनला आणि रात्री आठला बंद होतं. ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नाव ऐकून घाबरू नका, त्यात चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) आणि पावाचा चुरा असतो. उलट साध्या दिसणाऱ्या वेल्श केकमध्ये कधीकधी प्राण्याची चरबी असते, विचारून घ्या. 'काउल' म्हणजे बहुधा मटणाचा रस्सा. आम्ही ठेपले आणि दाण्याची चटणी बांधूनच निघतो. कार्मार्थनशरमध्ये ल्हानपुमसेंटजवळ स्कंद व्हेल हा मठ आहे, १९७३ पासून. मुरुगनाच्या दर्शनाला आलेल्या भाविकांना तिथे शाकाहारी प्रसाद मिळतो.

बेधगेलर्टच्या कुत्र्याची समाधी खरी आहे का?

गोष्ट अशी: राजपुत्र ल्हेवेलिन शिकारीहून परततो, पाळणा उलटा, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तो कुत्र्याला मारतो. मग पाळण्याखाली मूल सुखरूप आणि शेजारी मेलेला लांडगा दिसतो. तुम्ही म्हणाल, ही तर पंचतंत्रातली ब्राह्मणीची आणि मुंगसाची गोष्ट! बरोबर. तीच कथा देशोदेशी फिरत इथवर आली, सापाचा लांडगा आणि मुंगसाचा कुत्रा झाला. समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या खानावळवाल्याने गिऱ्हाईक वाढावं म्हणून उभी केली असं सांगतात. नदीकाठची वाट मात्र अप्रतिम आहे, आणि आमच्या आजीने समाधीपाशी मुलांना मुंगसाचीच गोष्ट सांगितली.

वाट चुकली किंवा पाय मुरगळला तर?

९९९ लावा, पोलीस मागा आणि मग 'माउंटन रेस्क्यू' म्हणा. समुद्रावर असाल तर 'कोस्टगार्ड'. येणारे लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. नेटवर्क दरीत नसतं, म्हणून नकाशा कागदाचा ठेवा. शिट्टी सोबत असू द्या: मिनिटात सहा फुंका, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. घरी परतल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहा. नेचेतून चाललात तर हमखास भेटते, आणि तिच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो.

स्कोमर बेटावर पफिन बघायचे आहेत. आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय.

उशीर झाला. पफिन एप्रिलमध्ये येतात आणि जुलैअखेर समुद्रावर निघून जातात. अलीकडच्या मोजणीत ते ४० हजारांहून अधिक भरले, पण ऑगस्टमध्ये बिळं रिकामी. पुढच्या वर्षी जूनचं तिकीट काढा, मार्टिन्स हेवनच्या होडीची जागा आधी पक्की करा (दिवसाला २५० माणसंच उतरू देतात) आणि सोमवार टाळा. यंदा आलाच आहात तर न्यू कीला जा, तिथे धक्क्यावरून डॉल्फिन दिसतात.